मूळ स्वरूपाचा दाखला

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी म्हापशाला आजोळी जायची आमच्या घरची जुनी पद्धत. मामा गेल्यापासून तिथला गोंगाट जरा कमी झालाय. पण माटोळी आणि नेवऱ्या यांत मामीने काही उणे पडू दिलेले नाही. यंदा जेवणे आटोपल्यावर मामेभावाने मला हळूच परसात नेले. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्री पांघरून उभी असलेली मामाची मॉरिस मायनर त्याने उघडी केली आणि म्हणाला, "दादा, तू सरकारी माणूस. तूच सांग, हिचं आता करायचं काय?"

त्याच्या हातात दोन कागद होते. एक होता जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये काढलेल्या नियमांचा. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटून गेलेल्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांना या नियमांनी 'व्हिंटेज' हा वेगळा दर्जा दिला. त्यांना 'व्हीए' ही अक्षरे असलेला खास नंबर मिळतो, वीस हजार रुपये भरले की दहा वर्षांची नोंदणी होते. रोजच्या कामाला गाडी काढता येत नाही. पण प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. चांगले नियम आहेत. जुन्या गाडीला नुसते भंगार न समजता वारसा समजावे, हे आपल्या सरकारला कागदावर पहिल्यांदाच सुचले, याबद्दल त्यांना धन्यवादच द्यायला हवेत.

पण मामेभावाने एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. गाडी तिच्या मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि तिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात बदल झालेला नसावा, अशा अर्थाची ती ओळ.

दुसरा कागद म्हणजे मामाच्या गाडीचे जुने आरसी बुक. त्यात १९९१ सालची एक नोंद, शाईची आणि शिक्क्यासकट. इंजिन बदलले, नवा इंजिन क्रमांक अमुक.

"बाबांनी ही नोंद केलीच नसती तर?" मामेभाऊ म्हणाला. "आज कोणाला कळलं असतं?"

मी काही बोललो नाही. बावीस वर्षे कारकुनी केल्यामुळे असे प्रश्न ऐकायची सवय आहे. पण हा प्रश्न मात्र घरी येईपर्यंत डोक्यात राहिला, आणि आज त्याबद्दलच लिहायचे आहे. कारण माझ्या मते गोव्यातल्या जुन्या गाड्यांचे मूळ स्वरूप म्हणजेच त्यांच्यात झालेला बदल. हे वाक्य उलटेपालटे वाटेल, म्हणून जरा मागे जाऊन सांगतो.

भारत सरकारने १९५५ मध्ये पोर्तुगीज गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, हे आपण शाळेत शिकलो. घाटावरून येणारा कांदा-बटाटा बंद झाला आणि माल समुद्रावाटे येऊ लागला. त्याच सुमारास खाणींचा पैसा खुळखुळू लागला होता. मग बोटीतून काय काय उतरले याच्या कथा प्रत्येक घरात आहेत. स्विस घड्याळे, चीज, कटलरी, रेडिओ आणि अर्थातच गाड्या. शेजारच्या भारतात अॅम्बेसेडर आणि फियाटसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहत होते, तेव्हा आपल्याकडे मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन, मॉरिस अशा गाड्या तांबड्या धुळीतून फिरत होत्या. मुक्तीनंतर पर्यटक म्हणून आलेल्या मुंबईकराला टॅक्सी स्टँडवर मर्सिडीज पाहून घेरी यायची, असे जुनी माणसे मजेने सांगतात.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. झाला ते उत्तमच झाले, त्यात दुमत नाही. पण गाड्यांच्या बाबतीत एक गंमत झाली. आता आपण परमिट-लायसन्सच्या राज्यात आलो. परदेशातून गाडी आणणे सामान्य माणसाला अशक्य झाले, आणि गाडीचा सुटा भाग आणणे त्याहून कठीण. म्हणजे गाड्या राहिल्या आणि त्यांचे नातेवाईक गेले! ओपेलचा एक साधा वॉटर पंप गेला तर गाडी अंगणात कोंबड्यांचे खुराडे होऊन बसायची. किंवा मग ती मेस्तकडे जायची.

मेस्त हा शब्द गोव्याबाहेरच्या वाचकाला समजावून सांगावा लागतो. सुतार मेस्त, गवंडी मेस्त, तसाच गाडीचा मेस्त. मेकॅनिक म्हटले की बिघडलेले काढून नवे बसवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. मेस्तकडे नवे काही नसायचेच. जे नाही ते करायचे, हा त्याचा धंदा.

मामाच्या घरापासून चार घरे सोडून असाच एक गराज होता. माडाच्या सावलीत, मंगळुरी कौलांचा, आणि जमीन तेलाने इतकी काळी की पावसाळ्यात तिच्यावर इंद्रधनुष्य पसरायचे. मेस्त ख्रिस्ती, साठीकडे झुकलेला, गुडघ्याखाली येणारी खाकी अर्धी चड्डी आणि कानावर पेन्सिल. हाताखाली तीन पोरे, तिघेही हिंदू. गराजात एका कोनाड्यात खुरीस आणि त्याच्याच खाली कॅलेंडरमधला गणपती. दसऱ्याला पोरे पान्हे आणि लेथ धुऊन पुसून त्यांना रोजांच्या माळा घालायची, आणि मेस्त तेवढ्या वेळ हात बांधून मागे उभा राहायचा. सर्वधर्मसमभाव वगैरे शब्द त्याला कोणी शिकवले नसावेत.

मामा मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक. १९७९ साली त्याने ही मॉरिस घेतली, तीही एका भाटकाराच्या घरची उतरती संपत्ती म्हणून, जवळजवळ स्कूटरच्या भावात. तिची पहिली नोंदणी १९५७ ची. मूळ इंजिन ९४८ सीसीचे. सुरुवातीची काही वर्षे बरी गेली, कारण कलकत्त्याच्या हिंदुस्थान मोटर्सने एके काळी हीच गाडी 'बेबी हिंदुस्थान' या नावाने बनवली होती आणि तिचे काही भाग मुंबईला, बेळगावला जुन्या बाजारात मिळायचे. कदंबच्या बेळगाव गाडीच्या ड्रायव्हरकडे चिठ्ठी आणि पैसे द्यायचे, तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले बेअरिंग हातात. पुढे तेही संपले. १९९१ मध्ये इंजिनाचा ब्लॉकच तडकला.

मी तेव्हा दहा वर्षांचा. मे महिन्याची सुट्टी होती आणि मला दुसरे काम नव्हते. त्यामुळे पुढचे सहा आठवडे मी जे पाहिले ते एखाद्याने दशावतार पाहावा तसे रोज जाऊन पाहिले.

मेस्तने प्रीमियर पद्मिनीचे एक इंजिन मिळवले, १०८९ सीसीचे. मामाला वाटत होते की एवीतेवी बदलतोच आहोत तर अॅम्बेसेडरचे दणकट इंजिन का नको? मेस्तने मान हलवली. मॉरिसचे ब्रेक लहान गाडीचे. जास्त ताकदीचे इंजिन घातले तर म्हापशाहून पर्वरीचा चढ मजेत चढशील, पण उतरताना देव आठवेल. त्याचे एक वाक्य माझ्या कानात अजून आहे: "पयलीं रावपाचें पळय, मागीर धांवपाचें." आधी थांबण्याचे बघ, मग धावण्याचे. वाहतूक सुरक्षा सप्ताहात आमच्या कार्यालयात दरवर्षी भाषणे होतात. इतके नेमके वाक्य मी त्यांत एकदाही ऐकलेले नाही.

इंजिन फियाटचे आणि गिअरबॉक्स मॉरिसचा. एकाच्या बोल्टची भोके दुसऱ्याला जुळणार कशी? मेस्तने जाड पुठ्ठा घेतला, गिअरबॉक्सच्या तोंडाला ग्रीस लावले आणि पुठ्ठा त्यावर दाबला. ठसा उमटला. मग लहान गोल हातोडीने कडेकडेने ठोकत ठोकत पुठ्ठा भोकांच्या आकाराचा कापला. तसाच दुसरा पुठ्ठा इंजिनाचा. दोन्ही एकमेकांवर ठेवून, उजेडाकडे धरून, डोळा मिटून बघत बसला. तो दिवसभर तसाच बघत होता असे मला आठवते. अर्थात दहा वर्षांच्या मुलाचा दिवस कधी कधी अर्ध्या तासाचाही असतो. शेवटी तीन सूत जाडीच्या लोखंडी पट्टीतून त्याने मधली प्लेट कापली. एका बाजूला फियाटची भोके, दुसऱ्या बाजूला मॉरिसची. इंजिनाचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत आला नाही तर क्लच महिन्याभरात खाऊन टाकतो. म्हणून मध्ये बसवायचा पितळेचा बुश त्याने लेथवर तीनदा कातला. दोनदा स्वतःच फेकून दिला. मामाने विचारले, एवढ्याशा फरकाने काय होते? मेस्त म्हणाला, "मास्तर, तुम्ही भुरग्याक शंभरांतले णव्याण्णव दितात न्हय? तो एक खंय गेलो?" मामा शिक्षक होता; त्याला उत्तर सुचले नाही.

गाडी चालू झाली त्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळे तिच्यात बसून बोडगेश्वराला जाऊन आलो. मेस्तही आला. देवळाबाहेर गाडीपाशीच थांबला आणि बॉनेट उघडून आवाज ऐकत राहिला.

त्या गराजात मामाची गाडी एकटी नव्हती. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी मिस्सा आटोपला की तिथे एक वेगळाच बाजार भरायचा. लष्कराच्या लिलावातून आलेल्या जीप. कोणाला तिचे टप काढून रुंद टायर बसवायचे, कोणाला मागे आडवी बाके करून हवीत. येझदी आणि बुलेट. हणजुणेला राहणारे लांब केसांचे परदेशी जुन्या बुलेट विकत घेत आणि हँडल उंच करून, टाकी लांबट करून मागत. मेस्तला त्यांची भाषा येत नव्हती आणि त्यांना याची. जमिनीवर खडूने चित्र काढून व्यवहार व्हायचा. कॉलेजची पोरे नुसती बघायला यायची. कोणाच्या गाडीला कुठला रंग, कोणाचा आवाज कसा, यावर तासन्‌तास वाद. त्यातली अर्धी पोरे दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुर उभा करणारी. त्यांचा नरकासुर मान फिरवायचा आणि तलवार उगारायचा, ती करामत गाडीच्या वायपरच्या मोटरने आणि जुन्या सायकलच्या चेनने याच गराजात जमवलेली असायची. शिगम्याच्या चित्ररथातला नृसिंह खांब फोडून बाहेर यायचा तोही इथूनच. आपण शिगम्याला संस्कृती म्हणतो, नरकासुरालाही नाइलाजाने म्हणतो. पण ज्या वेल्डिंगच्या ठिणग्यांतून ते दोघे जन्मले त्या जागेला मात्र गराज म्हणून सोडून देतो.

आता ते सगळे राहिलेले नाही. मेस्त गेला. त्याची मुले परदेशी स्थायिक झाली. लेथ किलोच्या भावाने गेली. एक पोरगा, आता पन्नाशीचा, एका कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आहे. गाडीला लॅपटॉप लावतो, पडद्यावर जो भाग खराब म्हणून दिसेल तो काढतो आणि पेटीतला नवा बसवतो. "हात काळे जायनात आतां," तो मला हसत म्हणाला. त्या हसण्यात सुटकाही होती. गाडीखाली झोपून उभे आयुष्य काढणे सुखाचे नसते, हे आपण खुर्चीत बसणाऱ्यांनी विसरू नये. खाणपट्ट्यातही तेच झाले. उसगाव, कुडचडे, साखळी भागांत ट्रक आणि बार्जांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या वर्कशॉपना २०१२ च्या खाणबंदीने पहिला धक्का दिला आणि २०१८ च्या बंदीने दुसरा. नुसते ट्रक थांबले असे आपण म्हणालो. ट्रकांबरोबर किती हात थांबले, त्याची मोजदाद कोणी ठेवली?

तर आता मुद्द्यावर येतो. व्हिंटेजच्या नियमात 'मूळ स्वरूप' हा शब्द आला तो चांगल्याच हेतूने. उद्या कोणी भंगारातला सांगाडा उचलून त्यावर चकचकीत पत्रा चढवून ऐतिहासिक गाडी म्हणून मिरवू नये, ही त्यामागची भीती खरी आहे. पण परिणाम काय झाला? कुठली गाडी पन्नास-साठ वर्षे मूळ स्वरूपात राहते? जी चालली नाही ती. किंवा जिच्या मालकाकडे परदेशातून सुटे भाग मागवण्याइतका पैसा होता ती. संस्थानिकाच्या पागेत झोपून राहिलेली गाडी वारसा ठरते, आणि तीस वर्षे शाळामास्तराला शाळेत पोचवणारी, बाळंतिणीला आझिलोत नेणारी, पावसात बंद पडून पुन्हा उठणारी गाडी नुसती 'जुनी गाडी' ठरते. इतिहास श्रीमंतांचाच जपला जातो, ही तक्रार आपण राजवाडे आणि झोपड्यांबद्दल करतो. गाड्यांनाही ती तशीच लागू आहे.

त्यात मामाच्या प्रामाणिकपणाची शिक्षा वेगळी. इंजिन बदलल्यावर ते नोंदवले पाहिजे म्हणून तो एक दिवस रजा काढून गेला होता. तेव्हाच्या कायद्यात रीतसर कळवून, मंजुरी घेऊन असा बदल करता येत होता. पुढे २००० साली मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम बदलले, आणि उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई झाली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात या कलमाचा अर्थ आणखी ठाम केला. म्हणजे मामाने केले ते त्या काळी कायदेशीर होते, आज करता येणार नाही, आणि तेव्हा केल्याची नोंद आज गाडीच्या आड येते. सरकारी कारकून म्हणून मला नोंदीचे महत्त्व शिकवायची गरज नाही. पण ज्या नोंदीने गाडीचा इतिहास खरा ठरतो तीच नोंद तिला इतिहासातून बाहेर काढते, हे मला कुठल्याच नियमाने पटत नाही.

इथे कोणी म्हणेल, मग काय, प्रत्येकाला गाडीत हवा तो बदल करू द्यायचा? नाही हो. कळंगुट-बागा पट्ट्यात राहणाऱ्या माझ्या मित्राला विचारा, मध्यरात्री फटाक्यासारखा वाजणारा सायलेन्सर म्हणजे काय ते. डोळे दिपवणारे दिवे लावून समोरून येणाऱ्याला आंधळे करणाऱ्यांबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. आपल्या रस्त्यांवर दर आठवड्याला कोणाचा तरी मुलगा जातो. त्यामुळे न्यायालयाची भूमिका मला समजते. पण बाजारातून तयार सायलेन्सर आणून तासाभरात बसवणे आणि ब्रेकला झेपेल असेच इंजिन निवडून तीन सूत जाडीच्या प्लेटसाठी पुठ्ठ्यावर डोळा लावून बसणे, या दोन गोष्टींना 'बदल' हा एकच शब्द लावून आपण मोकळे होतो, माझे भांडण तेवढ्यापुरतेच आहे. मेस्तला रात्रीचा तो आवाज ऐकवला असता तर पोराच्या आधी सायलेन्सरला शिव्या घातल्या असत्या, त्याही पोर्तुगीजमध्ये.

जगात हा फरक करून दाखवलेला आहे. अमेरिकेत 'हॉट रॉड' म्हणतात त्या गाड्यांचा जन्म असाच खिसा रिकामा असलेल्या पोरांच्या हातून झाला. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरे भंगारातल्या जुन्या फोर्ड गाड्या घ्यायची, त्यांचे मडगार्ड काढायची, इंजिन सुधारायची आणि सुकलेल्या तळ्यांच्या सपाट तळावर जाऊन पळवायची. पोलीस त्यांच्या मागे असायचे, शिष्ट लोक नाके मुरडायचे. तिकडेच पेबल बीच नावाचे जुन्या गाड्यांचे अतिशय प्रतिष्ठित प्रदर्शन भरते. मूळ स्वरूपाच्या बाबतीत ती मंडळी इतकी सोवळी की विचारू नका. त्यांनीही १९९७ मध्ये हॉट रॉडसाठी वेगळा वर्ग ठेवला, कारण या गाड्यांत झालेले बदल हाच त्यांचा इतिहास आहे हे त्यांनी मान्य केले. क्युबाचे उदाहरण तर आपल्या आणखी जवळचे. अमेरिकेने व्यापार तोडल्यावर तिथे १९५० च्या दशकातल्या अमेरिकन गाड्या राहिल्या आणि सुटे भाग थांबले. लोकांनी त्यांत रशियन इंजिने घातली, डिझेलवर चालवल्या. आज त्या जोडकाम केलेल्या गाड्या बघायला जगभरचे पर्यटक हवानाला जातात. त्यांना कोणी 'मूळ इंजिन दाखवा' म्हणत नाही.

आणि मॉरिस मायनर जिथे जन्मली त्या ब्रिटनमध्ये? तिथे बदल केलेल्या गाडीने आपला जुना नंबर राखावा की नाही हे ठरवायला बरीच वर्षे गुणांची पद्धत होती. सांगाड्याला पाच गुण, स्टिअरिंगला दोन, गिअरबॉक्सला दोन, असे करत आठ गुण जमले की गाडी तीच मानायची. यात इंजिनाला किती गुण होते? एक. म्हणजे इंजिन बदलले तरी गाडीची ओळख फारशी जात नाही, असे तिच्या जन्मगावीच मानत. मामाची मॉरिस त्या परीक्षेत पहिल्या वर्गात पास झाली असती.

मग आपण काय करावे? मी काही धोरणे आखणारा माणूस नाही, फायली पुढे सरकवणारा आहे. तरी दोन गोष्टी सुचतात. पहिली, व्हिंटेजच्या नियमात आणखी एक वर्ग ठेवावा. ज्या गाडीत २००० सालापूर्वी बदल झाला, जो रीतसर नोंदवलेला आहे आणि जी आज तपासणीत सुरक्षित ठरते, तिला तिच्या बदलासकट जुनी म्हणून मान्यता द्यावी. नंबर वेगळा द्या, प्रमाणपत्रावर बदलाचा तपशील छापा, पण दारात उभी करू नका. अशा गाड्या संख्येने थोड्या आहेत. कोणाचे काही बिघडणार नाही.

दुसरी गोष्ट सरकारकडून होण्याची वाट पाहू नये. बाणावलीच्या 'गोवा चक्र' संग्रहालयात बैलगाड्या, रथ, पालख्या मोठ्या कष्टाने जमवलेल्या आहेत. पाहून ऊर भरून येतो. पण चाकाचा इतिहास बैलगाडीपाशी संपत नाही. कारेरच्या लाकडी बॉड्या बांधणारे, ओपेलला नवे काळीज बसवणारे, पायलटच्या मोटारसायकलचे पिवळे मडगार्ड ठोकून सरळ करणारे हात अजून काही गावांत आहेत, ऐंशीच्या घरातले. त्यांच्याकडे जा. त्यांना बोलते करा. कुठला भाग कशाला जुळायचा, पुठ्ठ्याचा साचा कसा घ्यायचा, हे कुठल्याच पुस्तकात नाही. आपण जागर आणि रणमाल्याच्या जुन्या कलाकारांना शोधत गावोगाव फिरतो. एक फेरी गराजाकडेही काढायला काय हरकत आहे? आणि घरात जुने आरसी बुक असेल, मेस्तच्या हातचे पेन्सिलीचे बिल असेल, तर चतुर्थीच्या साफसफाईत फेकू नका.

मामेभावाला मी दुसऱ्या दिवशी फोन केला. गाडी विकू नकोस म्हणालो. व्हिंटेजचा अर्ज तूर्त राहू दे. दर पाच वर्षांचे नूतनीकरण महाग पडते खरे, अर्धे पैसे मी देईन. तो हसला. मग म्हणाला, "अर्ज करून तर बघूया? फार तर नाही म्हणतील."

तेही खरेच. अर्ज मीच लिहिणार आहे. घरातली अक्षरे माझी बरी. त्यात १९९१ चा बदल कुठेही लपवणार नाही. उलट इंजिनाबद्दलच्या रकान्यात जागा पुरेल तेवढे सगळे लिहीन: फियाटचे इंजिन, मॉरिसचा गिअरबॉक्स, मधली प्लेट तीन सूत, पितळेचा बुश तिसऱ्यांदा कातलेला. नामंजूर झाला तर झाला. निदान एका सरकारी फायलीत तरी मेस्तचे काम नोंदलेले राहील, आणि फाइल किती वर्षे टिकते हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार!